सरकलेला रकाना

माझ्या थोरल्या जाऊबाई पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. तो बंद पडला आणि त्या घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीची शब्दयादी सांभाळू लागल्या. कुठल्या रोग्याला औषध कधी द्यायचं, हे इस्पितळातल्या पडद्यावर दिसतं. तिथला प्रत्येक शब्द या यादीतून जातो. डावीकडे कंपनीची खूण, उजवीकडे आपल्या भाषेतला शब्द. यादी पंधरा जण वापरतात, पण तिला हात लावायचा तो जाऊबाईंनीच. ऑफिसात त्यांना ‘हेडबाई’ म्हणतात. स्वल्पविराम चुकला तरी त्यांचा उसासा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो.

छापखान्यातली एक सवय त्यांनी सोडली नव्हती. बदल केला की एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने बोट ठेवून बघायचं. दुसरी म्हणजे मी. त्या दिवशी त्यांनी हाक मारली तेव्हा मी दारात शेजारणीशी बोलत होते. ‘आलेच’ म्हटलं आणि अर्धा तास हलले नाही. बाराला यादी आपोआप इस्पितळात जाते, म्हणून त्यांनी एकटीनेच उरकलं.

सव्वाबाराला आत गेले तर त्या पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ पुन्हा वाचत होत्या. शब्द अकारविल्हे लावताना उजवा रकाना तेवढाच हलला होता. ‘जेवणानंतर’च्या जागी ‘जेवणाआधी’, आणि खाली सगळाच गोंधळ. कंपनीचा प्रोग्रामर फोन उचलेना. मी म्हटलं, ऑफिसला कळवा, ते बघतील. त्यांनी थेट वॉर्डच्या सिस्टरना फोन लावला.

“सिस्टर, पडद्यावर वाचून काही देऊ नका. यादीत माझी चूक झालीय.”

“कुठल्या औषधाची?”

“सगळ्याच.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग सिस्टर एकेका पलंगाशी जाऊन सांगू लागल्या. एक, दिलं नाही. दोन, दिलं नाही. जाऊबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. ते ‘आलेच’ माझं होतं. सहा, दिलं नाही. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

“सात नंबरला गोळी दिलीय, उपाशीपोटी. डॉक्टरांना बोलावते.” फोन बंद झाला.

थोड्या वेळाने प्रोग्रामर सापडला, जुनी यादी परत चढली. जाऊबाई जागच्या उठल्या नाहीत. मला कामावरून काढून टाकू देत, पण त्याला काही व्हायला नको, एवढंच पुटपुटत राहिल्या. तीनला सिस्टरचा फोन आला. दोन उलट्या झाल्या, आता झोप लागलीय, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवावं लागेल. जाऊबाईंनी त्याचं नाव विचारलं. नाव सांगता येत नाही, सिस्टर म्हणाल्या.

मी देवापुढे हात जोडले. काय मागायचं ते ठाऊक होतं, कुणासाठी ते सांगता येईना. शेवटी ‘सात नंबर’ एवढंच म्हटलं.