इंग्लंडची रंगीत तालीम

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा एक पुणेकर मला दर शनिवारी कालव्याकाठच्या जंगलात सायकलवर घेऊन जाई. ही त्याची इंग्लंडची रंगीत तालीम. तिथली जंगलं, किल्ले, जुनी चर्चेस सायकलवरून सावकाश पाहायची, असं तो दरवर्षी 'नेक्स्ट समर' म्हणत ठरवी. सावकाश हा शब्द मात्र त्याला फक्त उच्चारता येई. एखाद्या ऐतिहासिक घराची पाटीही तो एक पाय पेडलवर ठेवूनच वाची.

"जनरलसाहेब इथे एक रात्र झोपले तर पाटी लागली, यार. माझ्या मेलबॉक्सवर अजून जुन्या भाडेकरूचं नाव आहे."

एकदा आम्ही असेच थांबलो असताना त्याच्या आईचा फोन आला. परदेशाशी ओरडूनच बोलायचं असतं अशी त्यांची समजूत असावी, कारण मलाही सगळं ऐकू आलं.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन तुझ्यासाठी थांबवलंय. कधी येतोस?"

"आई, इथून बाहेर पडलो की परत यायला व्हिसाचं नवं स्टॅम्पिंग लागतं. ते अडकलं तर नोकरी गेली. तू करून घे."

यावर त्या काय म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही.

त्या दिवशी इंग्लंडचा विषय पुन्हा निघाला नाही. परतताना त्याने विचारलं, "ऑपरेशननंतर लगेच दिसतं का रे?"

"हो, दुसऱ्या दिवसापासून स्वच्छ."

"म्हणजे मी आलो नाही, तेही स्वच्छ दिसेल," तो म्हणाला आणि त्याने गिअर बदलला.