पहिली सही तिची

बारामतीच्या आमच्या कॉलेजातलं विद्यार्थी मंडळ मी येण्याआधीच बंद पडलं होतं. निवडणुकीत मारामारी झाली आणि मंडळाच्या खोलीत खेळाचं सामान ठेवलं गेलं, एवढंच ऐकून होतो. दुसऱ्या वर्षाला असताना मी आणि सांगवीचा माझा मित्र, आम्ही ते पुन्हा उभं करायचं ठरवलं. राजकारणातलं आम्हाला फार कळत होतं असं नाही. पण इंदापूरकडून येणाऱ्या एसट्या पोरं दिसली की थांबत नसत, पहिला तास बुडायचा, आणि एकट्यादुकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नव्हतं.

पहिल्या सभेला नऊ जण आले. दुसऱ्या सभेला मैदानावरचं लिंबाचं झाड सावलीला पुरेना. त्या सभेत आमच्याच गावची, अंथुर्ण्याची एक मुलगी उठली. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. कॉलेजची पायरी चढलेली त्या घरातली ती पहिलीच.

"आमी हात करतो, डायवर तोंड फिरवतो," ती म्हणाली. "मग पास काय देवापुढं ठिवायला काढलाय?"

टाळ्या पडल्या. अर्ज लिहून झाल्यावर मीच तिला म्हणालो, "पहिली सही तुझी."

"घरी कळलं तर?"

"सहीनं काय हुतंय?"

अर्ज घेऊन आम्ही मोर्चानं एसटीच्या आगारावर गेलो. वाटेत एका पक्षाची माणसं झेंडे घेऊन मोर्चात शिरली. आम्ही नको म्हणालो, पण आमचं ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात फोटो आला. सगळ्यांत पुढं ती, डोक्यावर त्यांचा झेंडा. कॉलेजनं सह्या केलेल्या सगळ्यांच्या घरी पत्रं धाडली. माझ्या वडिलांनी दोन शिव्या घातल्या आणि विषय संपला. तिचं कॉलेज बंद झालं.

आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिचे वडील पडवीत टोमॅटो निवडत होते.

"तात्या, तिनं काय वंगाळ केलं न्हाय," मी म्हणालो.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "तुला तुज्या बानं घरी बसवलं का?"

"न्हाय."

"मग?"

ते परत टोमॅटो निवडू लागले. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"अर्जाचं काय झालं?" तिनं विचारलं.

"चाललंय," मी म्हणालो. खरं तर आगारातल्या साहेबानं तो वाचलाही नव्हता.

तिसऱ्या सभेला चौघं आलो. थोडा वेळ बसलो आणि उठलो. पुढच्या वर्षी तिला लोणी देवकर गावात दिल्याचं कळलं. लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली होती. आई-वडील गेले. मी परीक्षेचं निमित्त सांगून बारामतीत घेतलेल्या खोलीवरच राहिलो.