दोन अंडी, एक पेला दूध

माझी पुतणी खेळाडूंचे करारमदार बघणाऱ्या एका कंपनीत आहे. रविवारी जेवायला आली की टीव्हीवर कबड्डीपटूंचा लिलाव लावते आणि मला शिकवते. हा 'फ्री एजंट', म्हणजे याचा करार संपला, आता हा कुठेही जायला मोकळा. आणि ही 'सॅलरी कॅप', म्हणजे संघाने खेळाडूंवर अमुक इतकाच खर्च करायचा, त्याच्यावर नाही. मी मान डोलावतो आणि म्हणतो, "हे आम्ही लालबागला गिरणी संपाच्या वर्षांत करून बसलोय." ती हसते. काका फेकतोय असं तिला वाटतं. किस्से असेच साठतात बघा. एकाने खोटं ठरवलं की तो पटवायला दुसरा सांगावा लागतो, आणि दुसरा सांगताना तिसरा आठवतो.

तेव्हा मी दिवसा एका विमा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी आमच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस होतो. अध्यक्ष होते आप्पा गावडे. मूळचे मालवणकडचे, गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. तरुणपणी आप्पांनी एकदा घोटा धरला की तो पुन्हा सुटायचा नाही, असं जुनी माणसं सांगत. आमचा सगळा भरवसा दोघांवर. चढाईला सुधाकर परब आणि कोपऱ्यात पकडीला हरेश. हरेश कफ परेडच्या मच्छीमार नगरातला कोळी, घरची होडी असलेला. सुधाकर आप्पांच्याच गिरणीतला. आता तिथूनच सुरुवात करतो.

*

सुधाकर गिरणीत कसा लागला? मुलाखतीला गेला तर साहेबांनी त्याला कंपाउंडात नेलं, दोन रखवालदार समोर उभे केले आणि सांगितलं, यांना शिवून परत ये. सुधाकर दोघांना शिवला आणि परत येता येता साहेबांनाही शिवून आला. त्याच दिवशी नोकरी पक्की झाली. कागदोपत्री विणकर! आठ वर्षांत त्याने मागाला हात लावला नाही. सकाळी हजेरी लावायची आणि मैदानावर जायचं. त्या काळी गिरण्यांचे संघ असेच बनत.

मग संप झाला. संपकऱ्यांना धान्य वाटायचं म्हणून नाक्यावर एक कार्यकर्ता नावं लिहून घेत होता. सुधाकरचा नंबर आला.

"खातं?" कार्यकर्त्याने विचारलं.

सुधाकर स्वभावाने सरळ. त्याने खरंच विचार केला आणि म्हणाला, "कबड्डी."

कार्यकर्त्याने मान वर केली नाही. "किती जण संपावर?"

"सात. आणि पाच राखीव."

*

संप लांबला तसे गिरण्यांचे संघ मोडले. परळ-लालबागचे निम्मे नामांकित खेळाडू एकदम मोकळे झाले. पुतणीच्या भाषेत, सगळे फ्री एजंट. पगार बंद, पण पाय शाबूत. मंडळांनी त्यांना ओढायला सुरुवात केली. कोणी बूट देऊ केले, कोणी रेशन भरून देतो म्हणालं, एका मंडळाने तर एकाच्या बहिणीचं लग्न अंगावर घेतलं.

आप्पांनी आजूबाजूच्या पाच मंडळांना व्यायामशाळेत बोलावलं आणि ठराव मांडला. कुठल्याही मंडळाने खेळाडूला रोज दोन अंडी आणि एक पेला दूध, एवढाच खुराक द्यायचा, त्याहून जास्त काही नाही. शिवाय मंडळ सोडायचं तर अध्यक्षाच्या सहीचं ना-हरकत पत्र हवं, नाहीतर एक हंगाम घरी बसायचं. नाहीतर श्रीमंत मंडळ सगळे गडी उचलेल आणि बाकीची पाच बंद पडतील, असं आप्पांचं म्हणणं. खरं होतं ते. आमचे गडीही त्यामुळे आमच्याकडेच अडकणार होते, हेही तितकंच खरं. ठराव मी टाइप केला, आणि कबूल करतो, मोठ्या हौसेने केला.

*

महिन्याभरात बातमी आली की परळच्या मंडळाने एका चढाईपटूला फितवलं. त्यांचे चिटणीस मोहिते, गोड बोलून गळ्यात हात टाकणारा माणूस. आप्पा आणि मी थेट त्या खेळाडूच्या चाळीत गेलो. गॅलरीत कठड्याला पायाने बांधलेल्या दोन कोंबड्या. एक काळी, एक पिवळी.

मोहिते तिथेच चहा पीत बसले होते. आप्पांनी ठरावाचा कागद त्यांच्यापुढे धरला.

मोहित्यांनी तो नीट वाचला. "अंडी दोन. बरोबर आहे. कोंबड्या किती, ते कुठे लिहिलंय?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी कोंबड्यांकडे बघितलं.

"उलट आमचंच नुकसान आहे," मोहिते म्हणाले. "पिवळी दिवसाआड घालते."

दुसऱ्या दिवशी मी ठरावाला दुरुस्ती जोडली. अंडी मंडळानेच द्यायची, उकडलेलीच द्यायची, आणि ती खेळाडूने चिटणीसासमोर बसून खायची. ही 'समोर बसून'ची मेख माझ्या डोक्यातली. तेव्हा फार हुशारीची वाटली होती.

*

मोहिते गप्प बसणारे नव्हते. त्यांनी उलट तक्रार केली की आमच्या मंडळात दर शनिवारी मासळी वाटली जाते. तेही खरंच होतं. हरेश घरून टोपलीभर बोंबील, बांगडे घेऊन यायचा, होडीला चांगलं लागलं असेल तर हलवासुद्धा. चौकशीला तीन माणसं नेमली गेली, त्यांत मोहिते स्वतः. चौकशीचा दिवस त्यांनीच शनिवार ठरवला.

हरेशने त्यांना एवढंच विचारलं, "पुरावा बघणार, की चाखणार?"

आप्पांच्या बायकोने, आमच्या काकींनी, तो पुरावा तिरफळं घालून केला होता. तीन वाजता बसलेली समिती साडेचारला उठली. अहवाल मोहित्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मंडळाने खेळाडूला काय द्यावं यावर बंधन आहे, खेळाडूने मंडळाला काय द्यावं यावर नाही. शिवाय पुरावा शिल्लक नसल्यामुळे तक्रार निकाली काढण्यात येत आहे. निघताना त्यांनी हळूच मला विचारलं, पुढच्या शनिवारी काही तक्रार आहे का.

*

आता जरा वेगळं सांगतो.

कबड्डीत बाद झालेला गडी मैदानाबाहेर ओळीत बसतो. आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की ओळीतला एक उठून आत जातो. जो आधी बाद झाला, तो आधी उठतो. लहान मुलालाही माहीत असलेली गोष्ट.

संपाच्या दुसऱ्या वर्षी आप्पांच्या गिरणीचं फाटक उघडेल ही आशा संपली. त्या दिवसापासून आप्पा सरावाला यायचे, पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचे नाहीत. जाऊन बाद झालेल्या पोरांच्या ओळीत मातीत बसायचे. पोरं उठून आत जायची, नवी येऊन बसायची, आप्पा तिथेच. मी एकदा न राहवून विचारलं, आप्पा, इथे का?

"बाद झालंय," ते म्हणाले. "ओळीत माझो नंबर पयलो. पण गडी कोण मारता?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

*

त्याच सुमारास खाडीपलीकडच्या एका कंपनीने सुधाकरला बोलावलं. तिला संघ बांधायचा होता. कायम नोकरी, कँटीन, सगळं. अट एकच, शुक्रवारपर्यंत मंडळाचं ना-हरकत पत्र आणायचं. सुधाकरच्या घरी बायको, म्हातारी आई आणि चार वर्षांची मुलगी. बायको शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून द्यायची, त्यावर चूल चालली होती.

मी फॉर्म भरून आप्पांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि खुर्चीच्या गादीखाली सरकवला.

"देवचंय नाय," आप्पा म्हणाले. "गिरण गेली. आता ह्योव जातलो?"

मी बरंच समजावलं. कंपनीचं सांगितलं, सुधाकरच्या घरचं सांगितलं. आप्पा ओळीत जाऊन बसले. सुधाकरने एकदा विचारलं, पुन्हा विचारलं नाही. रोज वेळेवर सरावाला यायचा, सराव झाला की माझ्यासमोर बसून दोन अंडी खायचा, दूध प्यायचा आणि न बोलता निघून जायचा. सोमवार गेला, मंगळवार गेला.

मला एका गोष्टीचं मात्र नवल वाटायचं. खुराक रोज पोटात जातोय, तरी या माणसाचा दम का घटतोय? पूर्वी एका श्वासात अख्खं मैदान फिरून यायचा. आता अर्ध्या चढाईत आवाज विरायचा. हरेश म्हणाला, काळजीने असेल. मलाही ते पटलं.

*

बुधवारी संध्याकाळी सुधाकर सरावात तीनदा पकडला गेला. आप्पा आधीच चिडलेले. खुराक झाला, सुधाकर पेला ठेवून निघाला, एवढ्यात आप्पांनी ओळीतूनच हाक मारली.

"सुदा, खंय चललंस? एक चढाई मार."

खाऊन लगेच चढाई कोणी करत नाही. पण आप्पांचा शब्द. सुधाकर मध्यरेषेवर जाऊन उभा राहिला. समोर हरेश तयार. रेषेपासूनच 'कबड्डी, कबड्डी' सुरू व्हायला हवं, नाहीतर चढाई धरतच नाहीत. सुधाकर तोंड मिटून उभा. हरेशला वाटलं चेष्टा चाललीय, तो हसला. सुधाकरचा एक गाल फुगलेला दिसला, तसा तो हसायचा थांबला.

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. सावकाश सुधाकरजवळ गेले आणि त्याच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"तोंड उघड."

अख्खं अंडं आप्पांच्या तळहातावर आलं. त्याला दातसुद्धा लागला नव्हता.

माझ्यासमोर रोज एक अंडं पोटात जायचं आणि एक गालात राहायचं. दूध तो दुसऱ्या गालाने प्यायचा. म्हणूनच निघताना कधी बोलायचा नाही. 'समोर बसून खावीत' हे मी टाइप केलं होतं आणि मीच समोर बसून बघत होतो. त्या दिवशी मला माझी इतकी लाज वाटली की आजही ती पुरती गेलेली नाही.

"चेडवाक किती वर्सां?" आप्पांनी मुलीचं विचारलं.

"चार," सुधाकर म्हणाला.

आप्पांनी प्यायच्या पाण्याने अंडं धुतलं, आपल्या रुमालात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो तर ते आमच्या दारात उभे. हातात फॉर्म, खाली सही.

"शिक्को मार," म्हणाले. "आणि आजच पोचव."

*

हा शेवटचा, आणि पुतणीला अजून न सांगितलेला.

पुढच्या वर्षी परळच्या मैदानावर स्पर्धेचा अंतिम सामना. एका बाजूला आमचं मंडळ, दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडची ती कंपनी. सुधाकर अंगाने भरला होता. बाजूला त्याची बायको, आणि तिच्या कडेवर मुलगी. आप्पांसाठी पाहुण्यांत खुर्ची ठेवली होती. ते गेले नाहीत. आमच्या बाजूला, बाद गडी जिथे बसतात तिथे मातीत जाऊन बसले. पंचांनी म्हाताऱ्या माणसाला काही म्हटलं नाही. मी त्यांच्यामागे उभा होतो.

पहिलीच चढाई सुधाकरची. आवाज खणखणीत, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. डावीकडे झुकला, उजवीकडे वळला आणि हरेशला शिवून रेषेपलीकडे गेला. आमचा सगळ्यात भरवशाचा कोपरा पहिल्या मिनिटाला बाद. हरेश मान खाली घालून आला आणि आप्पांशेजारी बसला.

आणि आप्पा उठून उभे राहिले.

मला वाटलं, रागाने घरी चालले. मी त्यांचा सदरा मागून ओढला. म्हटलं, "आप्पा, बसा. आपला गडी बाद झालाय."

आप्पांनी लेंग्याची माती झटकली. नजर समोर सुधाकरवर.

"तुमचो गेलो आसतलो," ते म्हणाले. "माझी पाळी इली."