ओळंबा खाली वाकतो

तिसऱ्या मजल्यावरचा ओळंबा वेडा झाला, ही बातमी जिना उतरेपर्यंत चांगली बाळसेदार झाली होती. वरच्या मजल्यावर ती "काका घरात कपबश्या फोडतात" एवढीच होती. दुसऱ्या मजल्यावर काका त्या भिंतीवर भिरकावू लागले. तळमजल्यावर येईतो काकांनी कामावरचं यंत्र चोरून घरी आणलं होतं आणि रोज संध्याकाळी ते त्याला बदडत होते. बाहेर बाकावर हवा खात बसणाऱ्या मंडळींनी तर यंत्राचं कण्हणंही ऐकलं होतं.

खरं एवढंच, की कपबश्या फुटत होत्या. घरात यंत्र नव्हतं, भिंती शाबूत होत्या आणि डोकंही जागेवर होतं. हा माणूस स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहायचा, हातातला ट्रे तिरका करायचा, आणि खळ्ळकन आवाज झाला की खाली वाकायचा. मग उठून दुसरा कप. कपसुद्धा दुकानदारानं कान तुटले म्हणून बाजूला काढलेले. वेड लागलेला माणूस इतकं बघून खरेदी करत नाही.

ओळंबा हे नाव त्याला हॉटेलच्या भटारखान्यानं ठेवलं होतं. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. हा वाढपीही तसाच. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हाताच्या पाच बोटांवर ट्रे, हनुवटी किंचित वर. गर्दीत चालला की वरचं सूप आपण टेबलावरच ठेवलेलं आहे अशा समजुतीत राहायचं. आयुष्यात त्याच्या हातून थेंब सांडला नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे. चालायचाच अशा तऱ्हेनं की समोरच्यानं आपणहून विचारावं.

हॉटेलातल्या पोरांना त्यानं एकच नियम घालून दिला होता. पडलेल्या वस्तूकडे बघायचं नाही. "आपण बघितलं की गिऱ्हाईक बघतं," तो म्हणायचा. "आपण नाही बघितलं, तर ती पडलीच नाही. झाडूवाला येईल, उचलेल. तुम्ही पुढे चला." नियम चोख होता. त्या हॉटेलात ताटं फुटत, पण कुणाच्या लक्षात येत नसे.

त्याची बायको लवकर गेली. मुलगी त्याच हॉटेलच्या मागच्या खोलीत, बटाट्यांच्या पोत्यांवर बसून अभ्यास करत वाढली. बापाच्या मागे उभी राहून त्याची चाल करून दाखवायची आणि भटारखाना हसून लोळायचा. "बाबा, तू चालतोस की तुला कुणी किल्ली देतं?" असं ती तोंडावर विचारायची. तोही ओठांच्या कोपऱ्यात हसायचा. त्याच्याकडून तेवढं म्हणजे लॉटरीच. मोठी झाल्यावर तीही वाढायला लागली. हात तिचा बापासारखा नव्हता. बोलता बोलता कामं करायची, सांडायची, पुसायची, ज्याच्या अंगावर सांडलं त्यालाच हसवून सोडायची. बापाला ते बघवत नसे.

मग ती दुपार आली. मोठी मेजवानी होती, हॉटेलच्या मालकाचे व्याही-विहीण मुख्य टेबलावर होते. मुलीचा पाय खुर्चीच्या पायात अडकला आणि ती भरल्या ट्रेसकट फरशीवर आपटली. ग्लास फुटले, तळहात कापला. ओळंबा तिच्या मागेच होता. त्यानं पाय जरासा उचलला, काचेवरून पुढे टाकला, आणि हनुवटी न हलवता मुख्य टेबलाशी जाऊन सूप वाढलं. विहीणबाईंनी मान वळवून विचारलं, "अहो, ती मुलगी कोण? लागलं वाटतं तिला."

"नवीन आहे," तो म्हणाला. "मी ओळखत नाही."

हे मुलीनं ऐकलं. हात फडक्यात गुंडाळून ती मागच्या दारानं गेली, ती परत आली नाही. घरातलं सामान तो कामावर असताना घेऊन गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये नोकरीला लागल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं. त्यानंतर अख्खी इमारत त्याला काका म्हणायची, पण बाबा म्हणणारं कुणी उरलं नाही. तो रोजच्यासारखा कामावर जात राहिला. नियमच होता त्याचा, बघायचं नाही, पुढे चालायचं.

हॉटेलातून निवृत्त झाल्यावर पुढे चालायलाही काही उरलं नाही, तेव्हा एक यंत्रवाली बाई आली. एका जुन्या गोदामात तिची प्रयोगशाळा होती. तिथे माणसासारखं यंत्र घडत होतं. दोन पाय, दहा बोटं, गुडघ्यांत वाट्या, आणि चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत राखाडी वाटोळं. वृद्धाश्रमांत जेवण वाढायला ते पाठवायचं होतं. पण पठ्ठ्या पेला उचलायचा तो भांडण असल्यासारखा आणि चालायचा तो चिखलातून चालल्यासारखा. बाईंना चांगला वाढपी हवा होता.

त्यांनी ओळंब्याच्या अंगावर काळ्या पट्ट्या बांधल्या, सांध्यासांध्यांवर बटणं चिकटवली, चारी भिंतींवर कॅमेरे लावले. शिलाईवाली मावशी, म्हणजे वरच्या मजल्यावरची, हे ऐकून म्हणाली, "म्हणजे काका, तुमचं माप घेतायत म्हणा की." माप म्हणजे केवढं माप. दिवसच्या दिवस तो नुसता ट्रे घेऊन या टेबलावरून त्या टेबलाकडे चालत होता आणि यंत्राला ते पुन्हापुन्हा दाखवलं जात होतं.

"त्याला नियम नाही सांगत आपण," बाईंनी समजावलं. "तुम्ही काय करता ते हजारदा बघून ते स्वतःच अंदाज बांधतं, की असं असलं की पुढे असं करायचं. लहान मूल शिकतं तसंच. फक्त, जे दाखवलंच नाही ते त्याला सुचणार नाही. म्हणून काका, आता थोडं सांडूनही दाखवा. धडपडा, ट्रे पाडा, मग सावरा. ते फार महत्त्वाचं आहे."

"सांडून दाखवायला मला कशाला आणलंत? रस्त्यावरचा कुणीही आणा."

"पण कधीतरी सांडेलच ना त्याच्या हातून."

"माझ्याकडून शिकलं तर नाही सांडणार."

बाईंनी दोन-चारदा विनवलं. हा मान हलवेना. एकदा तर तिथल्याच कुणाच्या हातून बशी पडली, तेव्हा हा सवयीनं पाय उचलून पलीकडे गेला. कॅमेरे चालू होते. यंत्रानं तेही घेतलं.

मग यंत्राची पहिली परीक्षा झाली. एका वृद्धाश्रमातली आजी-आजोबा मंडळी गोदामात आणून टेबलांवर बसवली होती. यंत्र आतून ट्रे घेऊन निघालं आणि ओळंबा दोन पावलं पुढे आला. त्याचीच चाल. तोच पाठीमागचा हात, तीच वर उचललेली हनुवटी, जिथे हनुवटी नव्हती तिथेसुद्धा. मंडळी वाहवा करू लागली. आरशात स्वतःला बघून कधी खूश न झालेला माणूस त्या राखाडी ठोकळ्याकडे लग्नातल्या नवऱ्यासारखा बघत होता.

दुसऱ्या टेबलावरच्या एका आजींनी खुर्ची मागे सरकवली. यंत्राच्या कोपराला धक्का लागला, सूप आजींच्या मांडीवर उपडं झालं. सूप कोमट होतं म्हणून बरं. पण आजी दचकून उठल्या, पाय घसरला आणि त्या फरशीवर बसल्या. यंत्रानं क्षणभरही न थांबता पाय जरासा उचलला, आजींच्या पसरलेल्या पायावरून पुढे टाकला, आणि हनुवटी न हलवता पुढच्या टेबलाशी जाऊन, किंचित झुकून, रिकामा ट्रे समोर धरला.

आधी लोक हसले. मग आजी खालूनच म्हणाल्या, "अरे बाबा, माझ्याकडे बघ तरी." तेव्हा कुणी हसलं नाही.

बाईंनी धावत जाऊन आजींना उठवलं. नंतर त्या ओळंब्याला म्हणाल्या, "दोष त्याचा नाही. आपण त्याला दाखवलंच नाही." आपण म्हणाल्या, हा त्यांचा चांगुलपणा. त्याला ठाऊक होतं कोणी दाखवलं नव्हतं, आणि जे दाखवलं होतं ते कुठलं होतं. त्या मेजवानीत आपण मागून कसे दिसलो असू, हे त्यानं आज समोरून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "सांडून दाखवतो."

पण सांडेना. ट्रे तिरका करायला जावं तर मनगट परस्पर तो सरळ करी. कसाबसा पाडला, तर पडल्यावर हा खांबासारखा उभा. "आता वाका," बाई म्हणाल्या, तर तो कमरेतून वाकला, गिऱ्हाइकाला नमस्कार केल्यासारखा. हात जमिनीपासून वीतभर वरच. उभ्या जन्मात खाली पडलेलं काही उचललं नव्हतं त्यानं. बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, हे जर यंत्र शिकलं तर पडलेल्या माणसाला मुजरा करील."

तो बराच वेळ पट्ट्यांची बक्कलं काढत, पुन्हा लावत बसला. मग म्हणाला, "एक आहे. सांडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये असते. तुम्ही फोन करा."

"तुमची कोण?"

इतक्या वर्षांनी प्रश्न पुन्हा आला होता, तोच, आणि तोंडाजवळ उत्तरही आलं होतं. "ओळखीची आहे," तो म्हणाला.

मुलगी आली. केस आखूड कापलेले, बाह्या दुमडलेल्या, तोंडाची टकळी पूर्वीसारखीच. पट्ट्या बांधून घेताना बाईंना म्हणाली, "आयुष्यभर ज्यावरून बोलणी खाल्ली, त्याचं आज कौतुक होतंय. कुठे सांडू सांगा." आणि काय सांडली. सूप, पाणी, चमचे, अख्खा ट्रे. प्रत्येक वेळी आधी ती खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाकडे बघायची. "भाजलं नाही ना?" मग एक हात त्याच्या कोपराखाली. मग तशीच टाचांवर उकिडवी. काचा सगळ्यांत शेवटी. बाई तर हरखून गेल्या. हे असं एकामागून एक असतं, हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

ओळंबा भिंतीशी उभा होता. ती आली तेव्हा त्यानं मान हलवली होती, तिनंही हलवली होती, झालं तेवढंच. दुपारी खुर्चीत बसायला माणूस कमी पडला म्हणून बाईंनी त्याला बसवलं. मुलगी ट्रे घेऊन आली, ठरल्याप्रमाणे अडखळली, पेले त्याच्या पायाशी फुटले आणि या वेळी ती खरीच गुडघ्यावर आली. तो उठला. आता वाकायचं, हे त्याला कळत होतं. गुडघे करकरले, एक हात टेबलावर टेकला, दुसरा तिच्याकडे निघाला. तोवर ती काचा गोळासुद्धा करू लागली होती. तळहातावरची जुनी पांढरी रेघ त्याला दिसली.

"राहू द्या काका," ती वर न बघता म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं."

कुणाही म्हाताऱ्याला म्हणावं तसं म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत गेला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंडातून आलं ते "चहा आणू?" जन्मभराची सवय.

"नको, ड्यूटी आहे," ती म्हणाली. जरा थांबली. तो आणखी काही म्हणतो का, हे बघत होती की बस बघत होती, ते त्याला कळलं नाही. मग ती गेली.

यंत्रवाल्या बाई मागून म्हणाल्या, "फोनवर तुमचं नाव निघालं तेव्हा ती आधी विचारत होती, त्यांनी बोलावलंय का म्हणून. मी म्हटलं, नाही, प्रयोगशाळेनं बोलावलंय. चुकलं का माझं?"

"नाही," तो म्हणाला. "खरं तेच सांगितलंत."

यंत्र पुढे वृद्धाश्रमात गेलं. म्हणतात की ते चालतं बापासारखं आणि काही सांडलं की वाकतं मुलीसारखं. आधी माणसाच्या तोंडाकडे वळतं, कोपराखाली हात धरतं, काचा शेवटी. त्या दोघांना एका जागी बघायचं असेल तर आता तिथेच जावं लागेल. ओळंबा एकदा जाऊन आला. सूप सांडेपर्यंत बसून राहिला, मग उठून घरी आला. कपबश्या फुटायला लागल्या त्या त्यानंतर.

परवा शिलाईवाल्या मावशीनं त्याला जिन्यात गाठलंच. हातात पिशवी, पिशवीत कान तुटलेले कप. ती म्हणाली, "अहो काका, खाली लोक काय काय बोलतात, कान किटले माझे. ते यंत्र शिकलं ना एकदाचं? मग आता कुणासाठी फोडताय? फोन करा की तिला सरळ."

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. म्हणाला, "तिला बोलवायचंय, आणि ती आल्यावर पुन्हा नुसतं उभं राहायचं नाहीये. यंत्र चार दिवसांत शिकलं. मला वेळ लागतोय."