जरा चालून दाखवता का

आपल्या खालच्या मजल्यावरच्या मावशीइतकं चोखंदळ माणूस परभणी जिल्ह्यात दुसरं नाही. जिल्ह्याबाहेरही नसावं, पण तिथली खात्री मी तिच्याच शब्दावर देते. बाळांनो, मागच्या सुटीत जिन्याखालून माइकच्या आवाजात तुम्हाला जेवायला बोलावणारी ती हीच. ती बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते आणि गाड्या पुकारते. लहानपणीच्या पोलिओमुळे तिचा डावा पाय बारीक आहे. त्याला पट्ट्यांचा कॅलिपर आणि उजव्या हातात काठी. काठी फरशीवर अशी टकटक वाजते की तिच्या ड्युटीला निघण्यावर मी कुकर लावत असे. पुकारणं तिच्या अंगात इतकं मुरलंय की भाजीवाल्यालाही ती ‘मेथी-पालक मार्गे वांग्यांकडे जाणाऱ्या दादांनी जिन्यापाशी यावे’ असं बोलावते, आणि तो बिचारा गाडा वळवून येतो. चष्म्याची फ्रेम निवडायला तिला अख्खा उन्हाळा लागला होता. शेवटी दुकानदारानं तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः चहाला निघून गेला. तो परत आला तोवर तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाला फ्रेम विकली होती, स्वतः घेतली नव्हतीच.

अशा बाईनं पंचेचाळिशीच्या तोंडावर नवरा निवडायचं ठरवलं. “काकू, मला आता बोलायला माणूस पाहिजे,” ती एका रविवारी म्हणाली. “दिवसभर अख्ख्या स्टँडशी बोलते, पण उलट कुणी बोलतंय का? मोबाइलवर भेटायलेत म्हणे लोकं. तुमचं इंग्रजी अन् तुमचं वायफाय, दोन्ही लागंल.” वायफाय वरच्या मजल्यावर, आणि जिना तिला चढवत नाही. ते खालच्या पायरीपर्यंत कसंबसं पोचतं. म्हणून खालची पायरी तिची आणि तिसरी पायरी माझी, असं आमचं कार्यालय सुरू झालं. तुमचे आजोबा त्या काळात वर-खाली करायला परवानगी मागत.

पहिलं ॲप अंगठ्यानं माणसं डावी-उजवीकडे सारायचं. तिला ती घाई पटली नाही. “गाडी फलाटाला लागायच्या आधीच सुटायलीय ही,” म्हणाली. एकेका फोटोवर ती इतका वेळ घेई की पडदा काळा होई. चेहऱ्याकडे तिचं लक्ष नसेच. मागचं कपाट उघडं आहे का, टॉवेल पलंगावर टाकलाय का, हे ती बघे. “ह्यांच्या मागं कॅलेंडर जुन्या सालाचं हाय. गेला.” एक अतिशय सभ्य दिसणारे गृहस्थ गेले ते मागच्या कुंडीतलं रोप वाळलं होतं म्हणून.

दुसरी जागा म्हणजे लग्नं जुळवणारी मोठी वेबसाइट. तिथं ‘शारीरिक स्थिती’ असा रकाना होता. खरं ते आणि पूर्ण लिहावं असं माझं मत. तिनं सांगितलं, “लिहा. डावा पाय पोलिओचा, उजवा कामाचा, जीभ दोन्हींपेक्षा तेज.” मी त्याचं नेटकं इंग्रजी केलं आणि तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, “काकू, तुमी मला इस्त्री करून टाकली.” तेव्हा आम्ही ते पुसून तिचंच मराठी घातलं. लगेच निरोपांची झुंबड उडाली. एकांना तिच्या हिमतीचं इतकं कौतुक की डोळ्यांत पाणी आलं म्हणे. एकांनी कुठल्याशा तेलाचं नाव आणि पाय चोळायची पद्धत कळवली. एका निवृत्त गृहस्थांनी थेट विचारलं, दिव्यांग बायकोबरोबर रेल्वेत सवलत नवऱ्यालाही मिळते ना? “ह्यांना बायको नको, पास पाहिजे,” ती म्हणाली आणि त्यांना जवळच्या पिंगळी स्टेशनहून सुटणाऱ्या रेल्वेगाड्यांच्या वेळा पाठवून दिल्या.

जे यातूनही उरत, त्यांच्यासाठी तिची परीक्षा होती. व्हिडिओवर नमस्कार-चमत्कार झाला की ती माइकच्या आवाजात म्हणे, “जरा उठून खिडकीपर्यंत चालून दाखवता का?”

हे कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या काळात मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे संपवून, हात पुसून, मुलीला चालायला लावत. पायात काही व्यंग नाही ना, एवढ्यासाठी. मानवतला तिच्या माहेरी पाहुणे यायच्या आधीच आई तिला खुर्चीवर बसवून साडीच्या निऱ्या पायांवर पसरून ठेवी. मग पाहुण्यांतली एखादी म्हातारी हळूच म्हणे, “बाई, जरा पाणी आणतीस का?” ती उठायची, चालायची, पाणी आणायची. पाहुणे पाणी पिऊन जायचे. हे सांगताना ती इतकी हसते की ऐकणाऱ्यालाही हसावंच लागतं.

आता तीच परीक्षा ती पुरुषांची घेत होती. पुण्याच्या एका इंजिनिअरनं फोनच ठेवला. एक मास्तर आज्ञाधारकपणे चालले आणि स्टुलाला अडखळून पडले. त्यांची चौकशी तिनं पुढं आठवडाभर केली. एकाची आई पडद्यावर आली, “माझ्या लेकराला चालायला कामून लावायलीस गं?” “रीत हाय ना आपली, मावशी,” ही म्हणाली. मी तिला समजावलं की अशानं कुणी उरायचं नाही. “उरू नका देऊ,” ती म्हणाली. “मला त्या खुर्चीवर परत बसायचं नाही, काकू.” त्या वेळी मात्र ती हसली नाही.

तिसरी वेबसाइट फक्त दिव्यांगांसाठी होती. ती मीच शोधली आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. “राखीव सीट हाय ही. मी बसत नसते राखीव सीटवर.” चार दिवसांनी स्वतःच पायरीवर येऊन बसली. “म्हणून जन्मभर उभं राहायचं का, असं मनात आलं. बघू द्या.”

तिथं येलदरीचे एक गृहस्थ भेटले. धरणाजवळ त्यांचं मासे धरायच्या जाळ्यांचं दुकान. व्हिडिओ लावला. मागची जाळी नीट घड्या घालून टांगलेली होती, कॅलेंडर चालू महिन्याचं होतं. ती इतकी खुश झाली की सवयीनं बोलून गेली, “जरा उठून चालून दाखवता का?”

मी तिचा खांदा धरला, पण शब्द येलदरीला पोचला होता. ते गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसलेले होते. तिचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. साऱ्या जगात ज्या बाईनं हे विचारायला नको, तिनंच विचारलं होतं.

“उठणं न्हाई जमायचं,” ते शांतपणे म्हणाले. “पण थांबा.” त्यांनी फोन वजनकाट्याला टेकवून ठेवला, खुर्ची मागं घेतली, दुकानभर एक फेरी मारली, वळताना एक जाळं चाकात ओढून आणलं, ते सोडवलं आणि दम खात परत आले. “झालं. आता तुमी दाखवा.”

मी रागानं उभी राहिले. ती माझ्याही आधी उभी राहिली. फोन माझ्या हातात दिला आणि अंगणातून नळापर्यंत जाऊन परत आली, टक, टक, टक. निऱ्या पसरून पाय झाकायला तिथं कुणी नव्हतं. पायरीशी येऊन ती उभीच राहिली, पूर्वी पाहुण्यांसमोर उभी राहत असेल तशी.

“काठी लय वाजायलीय तुमची,” ते म्हणाले. “खालचं रबर झिजलंय. फरशीवर घसरंल एखाद्या दिवशी. माझ्याकडं ट्यूबचं रबर हाय, उद्याच्या गाडीनं देतो.”

त्यावर आपली मावशी पायरीवर बसली आणि काठी उलटी करून रबर बघू लागली. दुसऱ्या दिवशी येलदरीच्या गाडीतून कंडक्टरनं खिडकीत एक पुडकं दिलं, आणि स्टँडवर ती गाडी त्या दिवशी दोनदा पुकारली गेली म्हणतात.

आता तिनं जिंतूरच्या डेपोला बदली मागितली आहे, दिवाळीनंतर जाईल. तिथून येलदरी जवळ. त्यांनी पाठवलेलं रबर काठीला छान बसलंय, जराही आवाज होत नाही. ती ड्युटीला कधी निघते ते मला कळतच नाही, आणि कुकर हल्ली रोज उशिरा लागतो.