गच्चीवरचे काका

जरीपटका वस्तीत आमच्या गल्लीत टीव्ही एकाच काकांकडे होता. रात्री उशिरा इतिहासाची विनोदी मालिका लागायची, अन् ती पाहायला सगळी गल्ली त्यांच्याकडे जमायची. पाहत नसत ते फक्त काका. अँटेना हातानं धरल्याशिवाय चित्र येत नसे, म्हणून ते गच्चीवर. वरून ओरडायचे, "दिसून राहिलं का गा?" खाली आम्ही हसलो की कशावर ते न कळताही वर खदखदून हसायचे.

एकदा पानिपताचा भाग लागला. शेवटी कोणीच हसलं नाही. काका धडधडत खाली आले.

"काहून चूप झाले गा? कोणाले काही झालं का?"

"काका, आपण पानिपत हरलो."

पडद्यावर नुसत्या मुंग्या. काका आमच्यावरच भडकले, "अन् तुम्ही बसूनच राहिले?"