खो मिळाल्याशिवाय

“अपने स्टँड को बोलो, थोडा पीछे जाये.”

पीटीचे सर माझ्या मुलीला म्हणाले. स्टँड म्हणजे मी.

कोरोनामुळे बालाघाटच्या सगळ्या शाळा बंद आहेत. पीटीसुद्धा फोनवर चालते. सर त्यांच्या गच्चीवर उड्या मारून दाखवतात, पोरं आपापल्या घरी मारतात. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसलं पाहिजे, नाहीतर गैरहजर. बाकीच्यांकडे फोन उभा करायला तीन पायांचं स्टँड आहे. आमच्याकडे मी आहे. सुरुवातीलाच सरांनी विचारलं होतं, फोन कोण धरतंय, एवढा हलतो कसा. सुजाता म्हणाली, आई. तेव्हापासून माझं नाव पडलं. स्टँड आज हलतंय. स्टँडने नाश्ता केला नाही वाटतं. छोट्या छोट्या चौकोनांतली पोरं हसतात. सुजाताही थोडं हसते. ती हसली नसती तर सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं असतं.

आमची खोली एवढीशी. मी दाराला पाठ लावली तरी तिचे पाय दिसत नाहीत. मग मी उंबऱ्याबाहेर जाते. बाहेर लगेच नाली. नालीवरच्या फरशीवर उभी राहून हात आत लांब करते. जाणारे-येणारे बघतात. तरी खरं सांगते, मला फोनच्या मागे बरं वाटायचं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. फोन धरणाऱ्याला कोणी बघत नाही.

ही सवय जुनी आहे.

लांजीकडच्या आमच्या गावात मी चौथीपर्यंत शिकले. गुरुजी शनिवारी खो-खो घ्यायचे. मीही ओळीत उकिडवी बसायचे, एक पाय पुढे, धावायला तयार. पण खो देताना पाठीला हात लावावा लागतो. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरीच्या पाठीला कोण हात लावणार? माझ्या अलीकडचीला खो मिळायचा, पलीकडचीला मिळायचा. एकदा मी तशीच उठले. गुरुजी म्हणाले, “बैठी रह. खो मिले बिना उठना फाऊल है.”

बसले. खेळ संपेपर्यंत. पायांना मुंग्या यायच्या. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मी रडलेसुद्धा नाही.

सुजाताला मात्र इथल्या मोठ्या शाळेत जागा मिळाली. गरिबांसाठी ठेवलेली, फुकटची. ती जागा जाऊ नये म्हणून मी नालीवर उभी राहत होते. स्टँड तर स्टँड.

त्या दिवशी हात वर करून उड्या होत्या. सुजाताने उडी मारली आणि तिची बोटं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला लागली. तसबीर तिरकी झाली. सरांचं लक्ष गेलं.

“पीछे से ये फोटो हटाओ. ये पीटी की क्लास है, जयंती का मंडप नहीं.”

तेव्हाच एका मुलाच्या मागे अख्खं देवघर दिसत होतं. दिवा, घंटी, हार. त्याला कोणी काही म्हणालं नाही.

चौकोन हसले. सुजाता या वेळी हसली नाही. वळली आणि तसबीर काढायला दोन्ही हात वर केले. लगेच. एवढं लगेच ऐकायला तिला कोणी शिकवलं? मीच. रोज सांगायचे, सर म्हणतील तसं कर, बाई.

माझ्या पायांना मुंग्या आल्या. त्याच.

मी आत आले. फोनचा कॅमेरा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझा चेहरा आला, घामाने भिजलेला. हिंदी सुचलीच नाही. आपल्याच बोलीत बोलले.

“सर, मी स्टँड नाही. मी सुजाताची माय आहे. फोटो निघनार नाही.”

अजून बोलायचं होतं. देवघराचं बोलायचं होतं. मी बोलत होते, माझे ओठ हलताना मला दिसत होते. पण सरांनी माझा आवाज बंद केला होता. मग आमचा चौकोनच गेला. जे तिकडे पोचलं नाही ते इथे लिहिते आहे.

सुजाता माझ्यावरच चिडून रडली. “काहून बोलली तू, माय? आता मले सारे चिडवतीन.” तिचे बाबा लालबऱ्याच्या राइस मिलवरून आले. ऐकून ताट सरकवलं. मग म्हणाले, “बोलली ते बराबरच बोलली. पन शाळेनं काढली तं पोरीले कुठी टाकू?”

मी त्यांचं ताट परत पुढे केलं.

शाळेतून मोठ्या मॅडमचा फोन आला. पुढच्या क्लासला सगळ्यांसमोर सरांची माफी मागा, मागे साधी भिंत ठेवा, मग मुलीला घेऊ. साधी भिंत कुठून आणू? एका भिंतीला चूल, एकीला भांडी, एकीला दार. उडी मारायला ही एकच भिंत आहे. तिथेच बाबासाहेब आहेत.

पुढचा क्लास उद्या.

सकाळपासून सुजाता एकदा तसबिरीकडे बघते, एकदा माझ्याकडे. शेवटी विचारलंच, “माय, काढू का?”

मी बादली उलटी करून तिच्यावर चढले. तसबीर सरळ केली. खिळा ढिला झाला होता, तो पक्का ठोकला. सुजाताने खालून बादली धरली.

उद्या फोन मीच धरणार. नालीवर जाणार नाही. खोलीतच उभी राहणार. सुजाताचे पाय दिसले नाहीत तर नाही दिसले, तसबीर पूर्ण दिसेल. माफी मागणार नाही. शाळा तिला काढेल. काढू शकते. तसं झालं तर मी शाळेच्या फाटकावर जाऊन उभी राहीन आणि काहून काढली ते विचारीन. तिथे माझा आवाज बंद करायला बटण नाही.

माझ्या पाठीवर कोणी हात ठेवला नाही. ठेवणारही नाही. मी उठले आहे. फाऊल तर फाऊल.